परकी किडनी आणि शरीराची आठवण

डायलिसिसवर असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन सहावर येतं, एक जिना चढला तरी दम लागतो, आणि घरचे म्हणतात, "दोन बाटल्या रक्त चढवून टाका, तरतरी येईल." किडनीचे डॉक्टर मात्र शक्य तोवर रक्त चढवणं टाळतात. लोहाची इंजेक्शनं, लाल पेशी वाढवणाऱ्या इरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देत हिमोग्लोबिन हळूहळू दहाच्या वर आणतात. नातेवाइकांना वाटतं, उगाच वेळ काढताहेत. पण रक्ताच्या पिशवीतून लाल पेशींबरोबर थोड्याफार पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही येतात, आणि त्यांच्या अंगावर रक्तदात्याच्या खुणा असतात. त्या खुणा पेशंटच्या शरीराने एकदा पाहिल्या की त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि वर्षानुवर्षं टिकू शकतात. पुढे किडनी बदलायची वेळ येते, सख्खा भाऊ किडनी द्यायला तयार असतो, आणि तपासणीत दिसतं की त्याच्या अंगावरच्या एका खुणेविरुद्ध अँटिबॉडी आधीच रक्तात आहेत.

प्रत्यारोपण म्हटलं की लोक ऑपरेशनबद्दल विचारतात: किती तास, किती टाके, किती खर्च. ऑपरेशन बहुतेक वेळा तीन-चार तासांत उरकतं. अवघड असते ती शरीराची आठवण, आणि तिची काळजी डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते.

ही आठवण सापडली कशी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोमध्ये पीटर मेडावार हे शास्त्रज्ञ आणि थॉमस गिब्सन हे सर्जन भाजलेल्या रुग्णांच्या त्वचारोपणावर काम करत होते. एका भाजलेल्या स्त्रीच्या जखमेवर त्यांनी तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले. ते आधी छान धरले आणि मग काही दिवसांनी झडले. त्याच भावाच्या कातडीचे तुकडे त्यांनी पुन्हा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाले. दोष नुसता रक्तपुरवठ्याचा असता तर दोन्ही वेळा सारखाच काळ लागला असता. दुसऱ्या वेळी शरीर तयारीत होतं, म्हणजे पहिल्या भेटीतून ते काहीतरी शिकलं होतं. हे काम १९४३ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्यारोपणाचं सगळं शास्त्र या निरीक्षणावर उभं आहे, असं म्हटलं तरी चालेल. मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं.

आपल्याच मांडीची कातडी काढून आपल्याच जखमेवर लावली तर हा प्रश्न येत नाही. पहिले एक-दोन दिवस तो पातळ थर जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास खालच्या केशवाहिन्या त्याच्या केशवाहिन्यांना जोडल्या जातात आणि पाच-सहा दिवसांत रक्त नीट फिरू लागतं. अशी कातडी धरली नाही तर कारणं साधी असतात. खाली रक्त किंवा पू साचला, थर जागेवरून सरकला, जंतुसंसर्ग झाला. म्हणून पहिलं ड्रेसिंग काही दिवस हलवत नाहीत आणि तो हात किंवा पाय स्थिर ठेवतात.

मरणोत्तर दान केलेली त्वचा मात्र परकी असते. ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवलेली असते आणि ती लावताना रक्तगट जुळवावा लागत नाही, कारण ती कायमची राहावी अशी अपेक्षाच नसते. दोन-तीन आठवडे ती जखम झाकते, पाणी आणि प्रथिनं वाहून जाणं थांबवते, आणि शरीर तिला टाकून देईपर्यंत पेशंट स्वतःच्या कातडीच्या रोपणासाठी सावरलेला असतो. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे पांढऱ्या पेशींना तिथे सहज पोचता येत नाही, आणि नेत्ररोपणात एरवी मॅचिंग लागत नाही.

किडनीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. दोन्ही किडन्यांतून मिळून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त वाहतं. नवी किडनी जोडून क्लॅम्प सोडला की पेशंटचं रक्त सगळ्यात आधी भिडतं ते दात्याच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला. त्या अस्तरावर खुणा भरपूर असतात.

खुणा म्हणजे नेमकं काय

या खुणांचं नाव एचएलए. सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकांपासून ही प्रथिनं बनतात. त्यांचं रोजचं काम असं: पेशीच्या आत चाललेल्या कामाचे छोटे नमुने ती पृष्ठभागावर आणून मांडतात आणि टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, फिरताफिरता ते तपासतात. आत विषाणू शिरला तर नमुन्यात त्याचा तुकडा दिसतो आणि ती पेशी मारली जाते. परक्या माणसाच्या पेशीवर मात्र नमुने मांडणारी चौकटच वेगळी असते. त्यामुळे एखाद्या विषाणूच्या तुकड्याला लाखात एखादी टी-पेशी ओळखत असेल, तर परक्या एचएलएवर शंभरातल्या एक ते दहा चवताळतात. परक्या अवयवाविरुद्धची लढाई इतकी तीव्र का, याचं उत्तर इथे आहे.

मॅचिंगचा रिपोर्ट येतो तेव्हा साधारणपणे ए, बी आणि डीआर अशा तीन जागांवरच्या प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण सहा खुणा मोजलेल्या असतात. एक संच आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून आई-वडील मुलाशी किमान निम्मे जुळतातच. भावंडांचं तसं नाही. पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्मं जुळण्याची चारात दोन आणि अजिबात न जुळण्याची चारात एक. सख्ख्या भावाचा रिपोर्ट सहापैकी शून्य आला म्हणून कुणी नात्यावर शंका घेऊ नये. हे गणितानेच होतं. आणि आजच्या औषधांमुळे शून्य जुळणीची किडनीही चांगली चालू शकते. पती-पत्नींचं तर बहुतेक वेळा फारसं काहीच जुळत नाही, तरी ती प्रत्यारोपणं यशस्वी होतात.

रक्तगटाचं बघताना ए, बी, ओ एवढंच पाहतात. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा फरक किडनीसाठी महत्त्वाचा नाही, तरी त्यावरून कितीतरी घरं विनाकारण निराश होतात. ए आणि बीच्या खुणा रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात, म्हणून गट जुळावा लागतो. तो जुळत नसेल तर प्लाझ्माफेरेसिसने, म्हणजे रक्तातला द्रव भाग वेगळा करून, अँटिबॉडी काढून प्रत्यारोपण करता येतं, पण खर्च आणि संसर्गाची भीती दोन्ही वाढतात. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. एका जोडीतला दाता दुसऱ्या पेशंटला आणि दुसऱ्या जोडीतला पहिल्याला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने याला मान्यता दिली आणि जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. हा कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये लागू झाला तेव्हा ज्या राज्यांत तो सर्वांत आधी आला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

जुळणीपेक्षाही निर्णायक असते क्रॉसमॅच. दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि पेशंटचा सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेला द्रव, एकत्र करून पाहतात. पेशी मेल्या तर पेशंटच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत. रॅमन पटेल आणि पॉल टेरासाकी यांनी १९६९ मध्ये मांडलेले आकडे अजून शिकवले जातात. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या, निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. आता याच्या जोडीला फ्लो क्रॉसमॅच आणि अँटिबॉडी नेमकी कोणत्या खुणेविरुद्ध आहे हे सांगणारी चाचणीही करतात.

या अँटिबॉडी येतात तीन वाटांनी: चढवलेलं रक्त, आधीचं प्रत्यारोपण आणि गर्भारपण. तिसरी वाट घरात समजावून सांगावी लागते. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा वडिलांच्या असतात. बाळंतपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिचं शरीर त्या खुणा लक्षात ठेवू शकतं. वीस वर्षांनी तिला किडनी लागली आणि नवरा द्यायला पुढे आला, तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येण्याची शक्यता इतर कोणत्याही दात्यापेक्षा जास्त. तिच्या मुलाने किडनी देऊ केली तरी तेच. म्हणून स्त्री पेशंटच्या फॉर्मवर गर्भपातासकट सगळ्या गर्भारपणांची नोंद मागतात. ती लाजेखातर लपवू नये.

रक्त चढवणं टळणारच नसेल, अपघात किंवा मोठा रक्तस्राव असेल, तर चढवावंच लागतं. तेव्हा पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर मागावा. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. आणि प्रत्यारोपणाच्या टीमला तारखेसह कळवावं, कारण अँटिबॉडी वाढायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्याआधीचा निगेटिव्ह रिपोर्ट फसवा ठरू शकतो.

डायलिसिसच्या काळात

डायलिसिसचं यंत्र किडनीचं काम थोडंच करतं. डायलायझरच्या नळकांड्यात हजारो पोकळ तंतू असतात. आतून रक्त मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर, बाहेरून उलट दिशेने औषधी पाणी साधारण ५०० मिलिलिटर. चार तासांत १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून जातं, म्हणून त्या पाण्याची शुद्धता जिवाची बाब आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बन फिल्टरमधून सुटून पुढे गेलं तर लाल पेशी फुटतात. सेंटरमध्ये क्लोरीनची तपासणी रोज होते का, हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हाताची शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा कचरा, वाढायला लागलं की ज्या हाताने लिहीत नाही तो हात राखून ठेवायचा. त्या हातात सलाईन नको, रक्त काढणं नको, बीपीचा पट्टा नको. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी बोटांनी त्याची थरथर बघायची. थरथर बंद वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण गुठळी ताजी असेल तर फिस्टुला वाचू शकतो. मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीवर, दिवस काढणाऱ्याला मशीनवर घेतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर तो कॅथेटरचा संसर्ग आहे असंच धरून चालावं.

दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं यावर पुढचा दिवस ठरतो. शरीरातून तासाला किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये असा संकेत आहे. साठ किलोच्या माणसाला ते तासाला ७८० होतं, चार तासांत जेमतेम तीन लिटर. चार-पाच किलो चढवून आलं तर एकतर पाणी अंगात राहतं, नाहीतर बीपी पडून पायात गोळे येतात. तहान मारायची तर आधी मीठ मारायला हवं. लोणचं, पापड, फरसाण तोंडात असेपर्यंत पाण्याचा हिशोब जमत नाही.

पोटॅशियमचा धोका त्याहून अचानक येतो. शहाळ्याचं पाणी, केळी, सुका मेवा, आणि 'लो सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर अजिबात नको. त्यातलं विष निकामी किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि झटके येऊ शकतात. दोन दिवसांची मोठी सुट्टी असते तेव्हा जास्त सांभाळायचं. भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की पोटॅशियम बरंच कमी होतं.

याच काळात लसी उरकून घ्यायच्या. हिपॅटायटिस बीची मात्रा डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट लागते, कारण किडनी निकामी असताना प्रतिकारशक्तीच मंद असते. कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी प्रत्यारोपणानंतर देता येत नाहीत. त्या आधीच, ऑपरेशनपूर्वी किमान चार आठवडे, घ्याव्या लागतात.

नवी किडनी बसल्यावर

जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. मूत्रनळी मूत्राशयाला जोडून आत एक बारीक नळी, स्टेंट, ठेवतात. तो काही आठवड्यांनी काढायचाच असतो, विसरला तर त्यावर खडे जमतात. जिवंत दात्याची किडनी अनेकदा टेबलावरच लघवी द्यायला लागते. मेंदूमृत दात्याची किडनी बर्फाच्या पेटीत, साधारण चार अंशांना, प्रवास करून आलेली असते. ती जागी व्हायला काही दिवस लागले आणि तोवर डायलिसिस करावं लागलं, तर ते रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, समजून घाबरू नये.

१९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. ऑपरेशनआधी दोघांची कातडी एकमेकांना लावून ती टिकते का, हे पाहिलं होतं. जुळा भाऊ नसलेल्यांना औषधांची वाट पाहावी लागली. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून आलं, टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूतून.

आज बहुतेकांना तीन गोळ्या असतात. टॅक्रोलिमस टी-पेशींचा एकमेकींना जाणारा 'वाढा' हा हुकूम रोखतं. मायकोफेनोलेट त्यांना दुप्पट होऊ देत नाही. प्रेडनिसोलोन सगळीच धामधूम शांत करतं. यातलं टॅक्रोलिमस सगळ्यात नाजूक. रक्तातली पातळी कमी झाली तर रिजेक्शन, जास्त झाली तर तेच औषध किडनीला इजा करतं, हात थरथरतात, साखर वाढते. पहिल्या तीन महिन्यांत साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम, पुढे ५ ते ८ अशी पातळी ठेवतात, पेशंटप्रमाणे कमी-जास्त. बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच वेळी, आणि खाण्याशी असलेलं अंतर रोज सारखं ठेवून गोळी घ्यायची. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन गेलं की आकडा खोटा वाढलेला येतो आणि त्यावरून डोस कमी केला तर नुकसान खरं होतं.

ही पातळी बाहेरच्या कितीतरी गोष्टींनी हलते. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, जंतूंवरचं क्लॅरिथ्रोमायसिन, बीपीवरचं डिल्टियाझेम ती वाढवतात. टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटॉइन ती पार खाली आणतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट वाढवतात. जुलाब लागले तर औषध कमी शोषलं जाईल असं वाटतं, पण टॅक्रोलिमस उलट जास्त शोषलं जातं. म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब असतील तर लेव्हल करून घ्यावी. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर टीमला सांगितल्याशिवाय बदलू नये. अंगदुखीला डायक्लोफिनॅक नको.

आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगावीशी वाटते. प्रेमाने कुणी गुळवेलीचा काढा किंवा 'इम्युनिटी वाढवणारं' चूर्ण आणून देतं. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, तिच्या दबलेपणावरच किडनी जगते आहे. तिला उठवणारी प्रत्येक गोष्ट किडनीच्या विरोधात आहे.

दाबलेल्या प्रतिकारशक्तीची किंमतही असते. टीबी, सायटोमेगॅलोव्हायरस, लघवीतून सापडणारा बीके विषाणू. निमोनियाच्या एका प्रकारापासून वाचवायला कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक काही महिने देतात. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन वाट बघण्यात दिवस घालवू नये. मायकोफेनोलेट गर्भाला अपायकारक आहे. मूल हवं असेल तर आधी गोळी बदलून, किमान सहा आठवडे थांबूनच विचार करायचा.

रिजेक्शन कळतं कसं

बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. १.१ असलेलं क्रिएटिनिन १.५ येतं, एवढंच. लघवी नेहमीसारखी, भूक चांगली. 'मला तर बरं वाटतंय' म्हणून तपासणी पुढे ढकलणाऱ्यांची किडनी अशी हातची जाते. आकडा का वाढला हे रक्तावरून नक्की सांगता येत नाही. पाणी कमी पडलं असेल, टॅक्रोलिमस जास्त झालं असेल, मूत्रनळीत अडथळा असेल, किंवा टी-पेशी आत शिरल्या असतील. म्हणून सोनोग्राफी, लेव्हल आणि गरज पडली तर बायोप्सी. सुईने काढलेल्या तुकड्यात टी-पेशी मूत्रनलिकांच्या भिंतीत घुसलेल्या दिसल्या तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन दिवस शिरेतून देतात आणि बहुतेकदा क्रिएटिनिन उतरतं. अँटिबॉडीमुळे झालेलं रिजेक्शन अधिक हट्टी. त्याला प्लाझ्माफेरेसिस आणि इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि खर्च लाखांत जातो. वर्षानुवर्षं मंद चालणाऱ्या अँटिबॉडीच्या हल्ल्यावर खात्रीचा इलाज नाही. त्यामागचं एक मोठं कारण चुकलेल्या गोळ्या हे आहे. प्रवासात गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता अंगाजवळ ठेवाव्यात, दोन-तीन दिवसांच्या जास्तीच्या घेऊन. एखादी चुकली तर पुढची दुप्पट घेऊ नये, टीमला फोन करावा.

कधीतरी ही किडनीही थकते आणि पेशंट पुन्हा डायलिसिसवर येतो. तेव्हा वाटतं, आता या गोळ्या कशाला. पण त्या एकदम बंद केल्या तर आत असलेली किडनी सुजते, दुखते, ताप येतो, लघवीतून रक्त जातं. शिवाय इतके दिवस दाबलेल्या अँटिबॉडी उसळून वर येतात आणि पुढचा दाता मिळणं अवघड होतं. म्हणून गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि दुसऱ्या प्रत्यारोपणाची आशा असेल तर टॅक्रोलिमस थोडं चालूच ठेवतात. रक्त चढवण्याबाबतचा सुरुवातीचा नियम तेव्हा आणखी कडक होतो, आणि नवा दाता शोधताना पहिल्या दात्याच्या ज्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी आहेत, त्या खुणा असलेली किडनी घेतली जात नाही.